साडेतीन इंच नेमके किती? जुन्या फोनांच्या पिक्सेल मोजणीची नोंद

ड्रॉवरमधले जुने फोन बाहेर काढून त्यांची पिक्सेल घनता स्वतः मोजायची, हे बरेच दिवस मनात होतं. सूत्र एका ओळीचं आहे. शेजारच्या दोन पिक्सेलांच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि २५.४ ला त्याने भागायचं. आला पीपीआय, म्हणजे एका इंचात बसणारे पिक्सेल. आकडा मायक्रॉनमध्ये असेल तर २५,४०० ला भागा.

सुरुवात २०१० च्या आयफोन ४ पासून केली. पडदा ९६०×६४०, जाहीर कर्ण ३.५ इंच, जाहीर घनता ३२६. पायथागोरस लावला तर कर्णावर ११५३.८ पिक्सेल येतात. भागिले ३.५ केलं, तर जवळपास ३३०! मग ३२६ कुठून आले? ॲपलने पिच ७८ मायक्रॉन सांगितली होती. २५,४०० ÷ ७८ = ३२५.६. हे बरोबर जुळतं. आता ११५३.८ ला ०.०७८ ने गुणा: ९० मिमी, म्हणजे ३.५४ इंच. साडेतीन हा आकडाच गोल केलेला निघाला. तेव्हापासून जाहिरातीतल्या इंचावरून घनता काढणं मी सोडलं.

पण कागदावर जुळलं म्हणून समाधान होईना, म्हणून व्हर्नियर कॅलिपर घेतला. एक पिक्सेल कोण मोजणार, अख्खे ६४० मोजायचे आणि भागायचं. पहिलं माप ५०.६ मिमी, उत्तर ३२१. चूक माझीच, कॅलिपरचे जबडे काळ्या कडेवर टेकले होते. मग पूर्ण पांढरं चित्र लावलं, खोलीतला दिवा घालवला आणि फक्त उजळलेला भाग मोजला. ४९.९ मिमी. ६४० ÷ ४९.९ × २५.४ = ३२५.८. (आमच्याकडे अंधारात फोनला कॅलिपर लावून बसलेला माणूस बघून कुणी काही विचारत नाही आता.)

एक सांगून ठेवतो. पिच दोनच दशांश स्थळांत दिलेली असेल तर तिच्यावरून गणित करू नका. ०.०६ लिहिलेलं असलं की खरी पिच ०.०५५ ते ०.०६५ यांत कुठेही असू शकते, म्हणजे पीपीआय ४६२ ते ३९१. पूर्ण एचडीचे ५.५ इंची फोन, ४०१ वाले, याच पट्ट्यात येतात.

दुसरा फोन सॅमसंग गॅलेक्सी एस, तोही २०१० चा, ८००×४८०, ४ इंच. अपेक्षा २३३. यूएसबी सूक्ष्मदर्शकाखाली पिक्सेलांमधले लाल ठिपके ठळक दिसले, म्हणून तेच मोजले. ५० अंतरांना १०.९ मिमी, पिच ०.२१८, उत्तर ११६! मापात घोळ समजून तीनदा पुन्हा मोजलं. मग ट्यूब पेटली: हा पेनटाइल पडदा आहे. हिरवा ठिपका प्रत्येक पिक्सेलला, लाल आणि निळा मात्र एकाआड एक. ओळीतले हिरवे मोजले तर पिच ०.१०९ आणि घनता २३३. जाहीर आकडा खोटा नाही, पण तो हिरव्याचा आहे. तेव्हाच्या बारीक अक्षरांच्या कडा अशा फाटक्या का दिसायच्या, ते आता डोळ्यांनी पाहिलं.

पुढचा नंबर मित्राच्या एक्सपीरिया झेड५ प्रीमियमचा. ३८४०×२१६०, पिच साडेएकतीस मायक्रॉनच्या आसपास. अर्धा मायक्रॉन इकडेतिकडे झाला की उत्तर बारा-तेराने हलतं, त्यामुळे लांब बाजूचे सगळे ३८४० पिक्सेल एकदम मोजणार आहे. मित्र फोन हातातून सोडायला तयार झाला की आकडे टाकतो.