आईला घेऊन गोवा पाहताना

फोंड्याहून मोलेकडे जाणारी पर्यटकांची वाहनं आमच्या दारावरून रोज जातात, पण बहात्तर वर्षांची होईपर्यंत आईने तांबडी सुर्लचं देऊळ पाहिलं नव्हतं. आधी शाळेची नोकरी, मग आमची शिक्षणं, मग गुडघे. गेल्या दसऱ्याला मी ठरवलं, आता लांबणीवर टाकायचं नाही. सुट्टी मिळेल तशी एकेक जागा करायची, आणि एका दिवशी एकच.

सुरुवात चुकली. पावसाळ्यात बंद असलेल्या दूधसागरच्या जीप ऑक्टोबरात सुरू होतात आणि तेव्हा पाणी भरपूर असतं, म्हणून आधी तिथे गेलो. फोनवर एका एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "गाडी पाण्यापर्यंत जाते." कुळ्याहून निघालेली जीप ओढे ओलांडत रानातून गेली, तिथवर आई खूश होती. पण जीप थांबते तिथून पुढे दगडधोंड्यांवरून चालावं लागतं. अर्ध्या वाटेत तिचा गुडघा अडला. ३१० मीटरचा धबधबा तिने एका दगडावर बसून नुसता ऐकला. त्या माणसाचा राग मला अजून येतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर शेवटी किती चालायचं आणि कशावरून, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्यानंतर सोपी जागा म्हणून जुनं गोवं. १९८६ पासून इथली चर्च जागतिक वारशात आहेत, आणि बहुतेक वाट सपाट. आई सगळ्यात जास्त वेळ रेंगाळली ती सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापाशी. ४६ मीटर उंच, सगळा जांभ्याचा. "आपल्या घराचाच चिरा की रे हा," म्हणाली.

डिसेंबरात तांबडी सुर्लला गेलो. मोलेहून सुमारे १३ किलोमीटर. मुद्दाम कामाचा दिवस धरला आणि सहलीच्या बसगाड्या यायच्या आत पोचलो, तेवढ्यासाठी पहाटे उठणं सार्थकी लागलं. कदंबांच्या काळातलं हे महादेवाचं देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे. आजूबाजूला बघावं तर सगळी तांबडी माती, म्हणून तो काळा रंग जास्तच डोळ्यांत भरतो. दगडावर दगड बसवलेत, मध्ये चुना नाही. मंडपाच्या छताला कोरलेलं कमळ बघताना आईची मान दुखायला लागली, तेव्हा ती खाली बसली आणि तिथूनच तिला एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती दिसला. मी उभा असल्यामुळे तो माझ्या नजरेतून सुटला होता. शेजारच्या नदीचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येत होता. आम्ही दोन तास होतो, आणि निघताना तिने गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य मात्र हुकलं. रायबंदरहून फेरीबोटीने गेलो खरे, पण खारफुटीतून होडी न्यायला भरती लागते आणि आम्ही ओहोटीला पोचलो. आता भरतीची वेळ आधी बघूनच निघतो.

फेब्रुवारीत रिवणजवळचं उसगाळीमळ. कुशावती नदीच्या काठावर, जांभ्याच्या सपाट कातळावर खोदलेली प्राचीन चित्रं आहेत. गावच्या लोकांना ती ठाऊक होती, अभ्यासकांपर्यंत १९९३ मध्ये पोचली. आम्ही पोचलो भर दुपारी. डोक्यावर ऊन, कातळ एकसारखा तांबूस, काही म्हणजे काही कळेना. मी वैतागून परत निघायच्या बेतात होतो. गावातले एक काका जात होते, ते आईला म्हणाले, "आजी, सावलीत बसा. ऊन कलू दे."

बसलो. डबा उघडला, चवळीची भाजी नि पोळ्या खाल्ल्या. साडेचारच्या सुमारास ऊन तिरपं झालं आणि खोदलेल्या रेघांत सावली भरायला लागली. आधी एक पाठ, मग वशिंड, मग शिंगं. पुरता बैल. त्याच्यापलीकडे एकात एक फिरणारी वर्तुळं. आईने चपला काढून कडेला ठेवल्या आणि काठी टेकत, एकाही रेघेवर पाय न पडू देता, त्या बैलाला फेरी घातली.

आता खोतीगावचं अभयारण्य राहिलंय. पाऊस ओसरला की जाऊ, आणि त्याच्या आधी चोडण, भरती बघून.