वीतभर चित्रात मावणारे गाव

निसर्गचित्र म्हटले की दिवाणखान्यातल्या सोफ्यावरच्या भिंतीवर टांगलेले, डोंगर, नदी, सूर्य आणि होडी अशा सगळ्यांची हजेरी घेणारे भले मोठे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. मला मात्र सहा इंची चौकोनी कॅनव्हास बोर्डावर किंवा पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर अ‍ॅक्रिलिकने केलेली चित्रे अधिक जवळची वाटतात, आणि ती पिशवीत मावतात एवढेच त्याचे कारण नाही. चित्र लहान झाले की समोरच्या दृश्यातले काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते, आणि प्रवासात नेमके हेच ठरवायची आपली सहसा तयारी नसते.

वाईजवळच्या मेणवलीचे उदाहरण घेता येईल. कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे पायऱ्यापायऱ्यांनी नदीत उतरणारा दगडी घाट, देवळे, आणि चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यानंतर तिकडून आणलेली पोर्तुगीज घंटा, असा ऐवज एकाच ठिकाणी समोर आला की मोबाइल आडवा धरून सगळे टिपण्याचा मोह कोणालाही होईल. सहा इंचांत हे सगळे कोंबले तर घंटा मोहरीएवढी होते आणि पायऱ्यांच्या जागी नुसत्या रेघा उरतात. म्हणून तिथे मी घाटाचा एकच कोपरा घेते: उन्हात पांढुरक्या दिसणाऱ्या तीन पायऱ्या, त्यांवर तिरपी पडलेली सावली आणि वाळत घातलेले एखादे लुगडे. ज्याने मेणवली पाहिलेली आहे त्याला एवढ्यावरून घाट ओळखू येतो, आणि ज्याने पाहिलेली नाही त्याच्यापाशीही दुपारचे ऊन तरी पोहोचते. महाबळेश्वरच्या पॉइंटांवरून दिसणाऱ्या खोल दऱ्या मात्र मी या आकारात कधीच करायला घेत नाही, कारण तिथे जे आहे ते विस्तारातच आहे आणि विस्तार काढून घेतला की निळसर धुक्यापलीकडे हाती काही लागत नाही.

एकाच जागेला धरून राहण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आपल्या गावी आले आणि कोटितीर्थ तळ्याचा परिसर त्यांनी पुन्हापुन्हा रंगवला. पाणी तेच, काठही तोच, परंतु सकाळ-संध्याकाळचा उजेड रोज नवा असल्यामुळे त्यांना विषयासाठी दूर जावे लागले नसावे, असे मला वाटते.

अ‍ॅक्रिलिक या माध्यमाविषयी थोडे सांगायला हवे. तैलरंगाच्या मानाने ते फारच अलीकडचे. पाण्यात कालवता येणारे कलावंतांचे अ‍ॅक्रिलिक रंग 1950च्या दशकात बाजारात आले. पाण्यात तरंगणारे अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण हा त्यातला बंधक, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा पदार्थ, असतो. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा अखंड पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ओला असताना हा बंधक दुधासारखा पांढुरका आणि वाळल्यावर पारदर्शक असल्यामुळे प्रत्येक रंग वाळताना किंचित गडद होतो, म्हणून आकाशाचा निळा हवा त्याहून थोडा फिकाच कालवावा लागतो. प्रवाशाच्या दृष्टीने या माध्यमाचा खरा गुण म्हणजे त्याचे चटकन वाळणे. तैलरंगातले ओले चित्र एस.टी.तून नेणे ही शिक्षाच आहे, तर अ‍ॅक्रिलिकचे चित्र चहा पिऊन होईपर्यंत पिशवीत ठेवण्याजोगे होते. अर्थात हा गुण हवामानाच्या मर्जीवर चालतो. मे महिन्यात विदर्भात रंग ब्रशवरून बोर्डावर पोहोचेपर्यंतच आटतो आणि पॅलेटवर सतत पाणी शिंपडावे लागते. उलट श्रावणात कोकणात तोच रंग इतका रेंगाळतो की यजमानांचे दुसरे आवतन येते तरी बोटाला लागतच असतो. शिवाय पूर्ण वाळलेला पापुद्राही उकाड्यात जरासा नरमच राहतो, त्यामुळे चित्रे एकमेकांवर रचताना मध्ये बटर पेपर घालण्याला पर्याय नाही.

बागेचे चित्र करताना सगळी कसोटी हिरव्याची असते. नळीतून निघालेला तयार हिरवा सरळ बोर्डावर लावला की केळ, अळू, जास्वंद आणि कर्दळ या सगळ्यांना एकाच दुकानातून कापड आणल्यासारखे दिसते, आणि परसात तर दोन झाडांचे हिरवे कधी जुळत नाहीत. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळवाच्या पानावर एक निळसर साय असते, तिच्यासाठी अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा थोडा अधिक घालावा लागतो. केळीच्या पानातून ऊन आरपार येते, तिथे लिंबासारखा पिवळाच निम्मे काम करतो. आंब्याची कोवळी पालवी तर हिरवी नसतेच, ती तांबूस असते. जुन्या, धुळकट, रस्त्याकडेच्या पानांसाठी पिवळ्यात चिमूटभर काळा मिसळला की मिळणारा शेवाळी रंग मला कुठल्याही तयार नळीपेक्षा खरा वाटतो, मग कलाशिक्षक काळ्या रंगाविरुद्ध काहीही सांगोत.

फुलांच्या बाबतीत लहान चित्र अधिकच कडक होते. अंगणात पडलेला प्राजक्ताचा सडा रंगवताना पाकळ्या मोजत बसलो तर चित्र रांगोळीच्या पुस्तकात शोभेल असे होते. ओलसर, काळपट मातीवर पांढऱ्याचे तुटक फटकारे आणि मधूनमधून देठांच्या केशरी रंगाचे बारीक ठिपके एवढेच ठेवले तर फूल बरोबर ओळखू येते. कासच्या पठारावर सप्टेंबरात तर एकेक फूल काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथल्या सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले नखाएवढी असतात आणि सोनकी-तेरड्याचे गालिचे लांबवर पसरलेले असतात, तेव्हा आधी जांभळ्या-गुलाबी रंगाचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग अगदी पुढच्या कडेलाच काही ठिपके स्पष्ट करावेत, बाकीचे पाहणाऱ्याची नजर भरून काढते.

खेड्याच्या चित्रांशी मात्र माझे थोडे भांडण आहे. प्रदर्शनांतून दिसणारे खेडे बहुधा बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, कौलारू घर आणि मागे मावळता सूर्य एवढ्यावरच थांबलेले असते, जणू गेल्या पन्नास वर्षांत तिथे काही आणलेच गेले नाही. प्रत्यक्षात आज कुठल्याही गावाच्या अंगणात मोटारसायकल उभी असते, शेणी रचलेल्या उडव्यावर निळी ताडपत्री असते, पन्हाळीखाली पाण्याचा निळा ड्रम असतो आणि ठिबकच्या नळ्यांचे काळे भेंडोळे कुडाला टेकलेले असते. भातलावणीच्या वेळी वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरल्यांऐवजी आता गुलाबी, पिवळी, निळी प्लास्टिके दिसतात, आणि पावसाळी करड्या उजेडात, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पोपटी रंगाशेजारी ती इतकी उठून दिसतात की ती गाळणारा चित्रकार स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, असे माझे मत आहे. शिवाय यात एक गंमत आहे. 1930च्या दशकात बाजारात आलेले, चित्रकारांच्या नळीतले थॅलो ब्लू हे निळे रंगद्रव्य प्लास्टिक रंगवण्यासाठीही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. म्हणजे मातीचा, पानाचा किंवा आभाळाचा रंग जुळवताना चार नळ्या पिळणाऱ्या मला प्लास्टिकचा निळा मात्र जवळजवळ तयारच मिळतो.

वाई भागातल्याच एका वाडीत घराच्या ओसरीसमोर बसून मी असा ड्रम रंगवत होते. तांबड्या भिंतीपुढे तो निळा, त्यावर उपडी ठेवलेली पितळी तपेली आणि बाजूला गुलबक्षीचे मिटलेले झुडूप, एवढेच चित्र होते. घरातल्या आजीबाई बराच वेळ मागे उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही. "ताई, समोर एवढं देऊळ हाय, आन् तुम्ही आमचा ड्रम काढताय व्हय?" मी हो म्हटल्यावर त्या आत गेल्या, नारळाची शेंडी आणि राख घेऊन आल्या आणि, "मग आधी सांगायचं न्हाई का," असे म्हणत त्यांनी ड्रम खसाखसा घासायला घेतला. धुळीचा थर निघाल्यावर त्याचा निळा दोन छटांनी उजळला, तपेली आत गेली ती परत आलीच नाही, आणि मला पॅलेटवरचा रंग पुसून थॅलो नव्याने कालवायला घ्यावा लागला.