सत्र संपल्यावरचं गाव

सोमवार, रात्र

भाचीचा फोन येऊन गेला. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक मोठ्या शहरात, दुसरा आमच्यासारख्याच एका समुद्रकाठच्या छोट्या गावातल्या महाविद्यालयात. "आत्या, तू अशाच ठिकाणी राहतेस. कसं असतं ते नीट सांग ना." फोनवर सांगून संपणारं हे नाही, लिहून पाठवते म्हटलं. तिला पाठवण्याआधी इथे मनातलं सगळं उतरवते, मग त्यातलं काय पाठवायचं ते ठरवेन.

सुरुवात समुद्रापासूनच व्हायची. सकाळी खिडकी उघडली की पहिलं भान त्याचंच येतं. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारे उलटे समुद्राकडे वाहतात. शाळेत हे आपण आकृती काढून पाठ केलं, इथे ते पुस्तकाच्या उडणाऱ्या पानांवरून कळतं. काठाला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही आतल्या मुलखापेक्षा सौम्य. सलग सहा तास अभ्यासाला बसणाऱ्या मुलीला ही गोष्ट लहान वाटू नये.

आणि भरती-ओहोटी. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोजची वेळ कालच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. महाविद्यालयाचं वेळापत्रक सत्रभर जागचं हलत नाही आणि पाण्याचं रोज हलतं. इथे राहणारा माणूस हळूहळू दोन्ही डोक्यात ठेवायला शिकतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान भरती, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. तास संपल्यावर ओली वाळू चालायला मिळणार की नाही, हे मुलं सकाळीच एकमेकांना सांगत असतात. मला हे फार आवडतं. चंद्र कुठे आहे याची रोजच्या जगण्यात अजूनही गरज पडते, अशा जागा आता कमी उरल्या आहेत.

मंगळवार

आज घराबद्दल. माझ्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा गिलावा पुन्हा सुटला. मागच्या वेळी नीट खरवडून, वाळवून, मग रंग दिला होता, तरीही.

समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि भिंत, कडी, बिजागरी, सायकलची साखळी, संगणकाची जोडणी, सगळ्यावर बसतात. त्यातलं नुसतं मीठ असतं तर कोरड्या दिवशी वाळलं असतं. पण त्याच्याबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतं. म्हणून क्षारांचा थर वाळल्यासारखा दिसतो तेव्हाही लोखंड आतून भिजलेलंच असतं.

सिमेंटच्या इमारतींना याचा त्रास आणखी खोल जातो. क्लोराइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरत सळयांपर्यंत पोचतं, सळईभोवतीचा संरक्षक थर मोडतं आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा मिळाली नाही की आतून दाब येऊन स्लॅबला भेगा पडतात. सत्रामागून सत्र भाडेकरू बदलत राहतात, एकालाही ती भेग वाढताना दिसत नाही, आणि दुरुस्ती पुढच्या सुट्टीवर जाते. विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या जुन्या घरांची अवस्था पाहून मला खरोखर राग येतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना ओल कशी ओळखायची ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी अनामत अडकलेली असते. खोकला निघतो तेव्हा आई-वडील समुद्राच्या हवेला दोष देतात. बहुतेक वेळा दोष कपाटामागच्या बुरशीचा असतो.

भाचीला लिहायचं: खोली बघायला गेलीस की कपाट पुढे ओढून मागची भिंत बघ. लाज वाटून घेऊ नकोस.

बुधवार, उशिरा

परीक्षा संपून चार दिवस झाले नाहीत तोच वसतिगृहाच्या फाटकाबाहेर बॅगा आणि गाद्यांच्या वळकट्या. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना वाचनकक्षात एकही जण नव्हता. मी इथे ग्रंथालयात काम करते, त्यामुळे गाव भरलं आणि गाव रिकामं झालं हे मला सगळ्यांच्या आधी कळतं.

अशा गावांचं वर्ष दोन गर्दींमध्ये विभागलेलं असतं. सत्र चालू असताना विद्यार्थी, आणि सुट्टी लागली की समुद्र बघायला येणारे पाहुणे. एकच खोली शिकवण्याच्या महिन्यांत विद्यार्थ्याला द्यायची आणि सुट्टीत दिवसाच्या भाड्याने पाहुण्याला, हा हिशेब घरमालकाला सरळ फायद्याचा. तोट्यात जातो तो बारा महिने राहू पाहणारा. मच्छीमाराचा मुलगा, शाळेतली नवी शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, महाविद्यालयाचाच शिपाई. यांना काठावर घर परवडत नाही, ते आत सरकतात आणि रोज ये-जा करतात. एका बाजूला समुद्र असल्यामुळे गावाला चारही दिशांना पसरताही येत नाही, जागा अर्ध्यावरच संपते.

हे काही आमच्याच गावाचं नाही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज घ्या. १४१३ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, समुद्राच्या अगदी कडेला, गाव छोटं. सहाशे वर्षं विद्यार्थी सामावून घेण्याचा सराव असलेल्या त्या गावातही आता खोल्या पुरत नाहीत आणि काही विद्यार्थी खाडीपलीकडच्या डंडी शहरात राहून रोज येतात. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्रूझला तिथल्या राज्य विद्यापीठाचं केंद्र १९६५ साली सुरू झालं. २०१९ च्या डिसेंबरात तिथे शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घरभाडं झेपत नाही म्हणून सत्राचे गुण देणंच थांबवलं. शिकवणाऱ्यालाच जिथे राहता येत नाही, तिथे शिकणाऱ्यानं कुठे जायचं?

माझं मत पक्कं आहे. महाविद्यालयानं प्रवेशाच्या जागा वाढवण्याआधी वसतिगृह बांधावं. नंतर नाही, बरोबरीनंही नाही, आधी. प्रवेश एका निर्णयात वाढतात, घरं तशी वाढत नाहीत, आणि मधल्या वर्षांची किंमत गावातले ते लोक देतात ज्यांना कुणी विचारलेलं नसतं. गावकरी विद्यार्थ्यांवर चिडतात, रात्रीच्या आवाजावरून भांडणं होतात, पण मुळात भांडण घरांचं आहे.

दुसरी एक गोष्ट जोडीलाच लिहून ठेवते. अशा गावात मोठा मालक एकच, महाविद्यालय. खानावळ, छपाईचं दुकान, धोबी, वाहनवाला, सगळ्यांचं पोट त्याच्या वेळापत्रकावर. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा अशी गावं एका आठवड्यात ओस पडली. शहरात एक धंदा बसला तर दुसरीकडे वळता येतं, इथे वळायला दुसरीकडे काही नसतं. पदवी झाल्यावर मुलं निघून जातात त्याचं कारणही हेच. त्यांना गाव आवडलेलं असतं, काठावर बसून "इथेच राहायचं" असं एकमेकांना सांगतात, आणि काम मिळत नाही म्हणून जातात. प्राध्यापकांच्या घरांतही हा पेच असतो. एकाला नोकरी आहे, जोडीदाराला तिच्या विषयाचं काम शंभर किलोमीटरच्या आत नाही. त्यातली काही घरं मोडताना मी जवळून पाहिली आहेत. गंभीर आजारासाठी तज्ज्ञ डॉक्टर लांब, शेवटची गाडी लवकर, हेही आहेच. तरुणपणी त्याचा भार जाणवत नाही.

गुरुवार

काल लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, भाची हे वाचून येणारच नाही. म्हणून आज दुसरी बाजू. केवळ तोल साधायचा म्हणून लिहीत नाही, मी इथे का राहिले त्याचं उत्तर याच बाजूला आहे.

एवढ्या लहान वस्तीत एवढं शिकलेलं माणूस एरवी कुठे भेटतं? संध्याकाळच्या व्याख्यानाला दार उघडं असतं. खगोलशास्त्राचा प्राध्यापक दुर्बीण घेऊन वाळूवर येतो, कारण समुद्राच्या बाजूचं आकाश काळं असतं. गावातली शाळकरी मुलं पुढे बसतात, विद्यार्थी मागे, आणि प्रश्न बऱ्याचदा पुढून येतात. मोठ्या शहरात अशी व्याख्यानं शंभर असतील, पण व्याख्यात्याला दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून "काल तुम्ही म्हणालात ते पटलं नाही" असं म्हणता येत नाही. इथे म्हणता येतं.

समुद्र स्वतःच प्रयोगशाळा आहे हे तर वेगळंच. अमेरिकेतल्या वुड्स होल या छोट्याशा गावात १८८८ मध्ये सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली ती पाण्याजवळ राहून पाण्यातले जीव अभ्यासायला. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत वाकून बघणारी मुलं मी इथे नेहमी बघते. त्यांचा वर्ग आणि त्यांचं फिरणं यात फारसं अंतर नसतं. आणि या सगळ्याचा फायदा फक्त जीवशास्त्राच्या मुलांना होतो असं नाही. इतिहासाची मुलं जुन्या बंदराच्या नोंदी उलगडतात, भाषेची मुलं होड्यांवरचे शब्द गोळा करतात. नाव, वल्हं, शीड, नांगर यांच्या प्रत्येक भागाला एक नेमका शब्द असतो आणि तो ज्याच्या तोंडी आहे तो माणूस दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो.

वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथचं मला फार कौतुक वाटतं. समुद्रासमोर हॉटेलसाठी बांधायला घेतलेल्या, पण पुऱ्या न झालेल्या इमारतीत १८७२ साली २६ विद्यार्थ्यांवर तिथलं महाविद्यालय सुरू झालं. सामान्य लोकांनी लहान लहान वर्गण्या देऊन ते उभं ठेवलं. २०१४ च्या जानेवारीत वादळी लाटांनी तिथला किनाऱ्याचा रस्ता फोडला, तेव्हा समुद्रासमोरच्या इमारतींत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हलवावं लागलं. ज्या काठासाठी लोक येतात तोच काठ त्यांना हलवतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली आहे, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक काठच्या महाविद्यालयाच्या दारात येणार. नवी इमारत कुठे बांधायची, हे ठरवताना तो पहिला विचारला पाहिजे.

रात्र झाली. खरं जे सांगायचं होतं ते अजून लिहिलंच नाही.

ते असं. या गावाचं वय वाढत नाही. दर वर्षी तीच सतरा-अठरा वर्षांची मुलं येतात, आणि आपण मात्र पुढे जात राहतो. ग्रंथालयात येणारी एखादी मुलगी पहिल्या वर्षी पुस्तक मागायलाही बिचकते, दुसऱ्या वर्षी आपल्याशी वाद घालते, तिसऱ्या वर्षी आपल्यालाच वाचायला पुस्तकं सुचवते, आणि मग जाते. परत येत नाही. यायचं कारणही नसतं. मोठ्या शहरातही माणसं जातात, पण तिथे ती वेगवेगळ्या वेळी जातात. इथे एकाच आठवड्यात जातात, सगळी, आणि त्यानंतरच्या रविवारी ओळखीचा चेहरा दिसत नाही. कायमचे राहणारे काही लोक म्हणून विद्यार्थ्यांशी ओळखच वाढवत नाहीत. त्यांचं मला कळतं. मी तसं केलं नाही आणि दर वर्षी मला त्रास होतो. या आठवड्यात होतो आहे.

तरी मी राहिले, कारण त्याच ओघानं माझ्यापर्यंत जे आलं ते एरवी आलं नसतं. विषय, भाषा, वाद, गाणी, दूरच्या गावांची नावं. पहिल्या वर्षाच्या मुलाला पहिल्यांदा समुद्र दिसतो तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहायला मिळणं, हे मला अजूनही भाग्याचं वाटतं. भाची तिथे विद्यार्थिनी म्हणून जाणार, म्हणजे ती जाणाऱ्यांमधली असणार. तिला हा त्रास होणार नाही. पण राहणाऱ्यांना तो होतो हे तिला माहीत असावं, घरमालकिणीशी, खानावळवाल्याशी, ग्रंथालयातल्या बाईशी वागताना.

शुक्रवार, सकाळ

पत्र लिहायला घेतलं आहे. समुद्राबद्दल थोडंच लिहिते, तो ती बघेलच. बाकी हे:

सुट्टीत गाव बघायला जाऊ नकोस, तेव्हा ते पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. सत्राच्या मध्यावर जा, पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर उत्तमच. शेवटची गाडी किती वाजता ते बघ. वसतिगृहात पहिल्या वर्षानंतर खोली मिळते की बाहेर शोधावी लागते, ते लेखी विचार. करार बारा महिन्यांचा आहे की सत्रापुरता, आणि सुट्टीत सामान कुठे ठेवायचं, तेही. तुझ्या विषयाच्या मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात ते विभागात विचार. आणि तिथे वर्षभर राहणाऱ्या एखाद्या माणसाशी अर्धा तास बोल, विद्यार्थी नसलेल्या. तो जे सांगेल ते मला कळव, मग आपण ठरवू.