आता मी आधी खाली उतरते

आरटीओच्या ट्रॅकवर रिव्हर्स नीट जमला होता, पक्कं लायसन्सही आलं होतं. तरी आठवड्याभरातच सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा डावा कोपरा खांबाला घासला. गाडीची मागची बाजू उजवीकडे न्यायची म्हणून मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि मान वळवून मागेच बघत राहिले. वळणारी चाकं पुढे असतात, त्यामुळे मागे जाताना गाडीचं तोंड उलट्या बाजूला बाहेर पडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खालच्या मजल्यावरचे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी दोन रविवार माझ्यासाठी दिले. "पोरी, सपाटीवर ॲक्सिलरेटरला पाय लावू नकोस. क्लच अर्धा सोडून, हाफ क्लचवर सरकू दे, उजवा पाय ब्रेकवरच." गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही, हेही त्यांचंच. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवून देणारी रचना, नसतो, म्हणून घाई केली की कर्रर्र आवाज येतो. गिअर अडला तर न्यूट्रल करून क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा. बहुतेक वेळा लगेच पडतो.

मागे काही आडवं आलं की आवाज करणारे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झाले. माझी गाडी त्याआधीची, मी ते बाहेरून बसवून घेतले आणि निर्धास्त झाले. एका सकाळी रिव्हर्स टाकला, सेन्सर गप्प. तेवढ्यात पिशवी डिकीत ठेवायची आठवण झाली, म्हणून गाडी बंद करून उतरले. मागच्या चाकापासून दोन हातांवर तीनचाकी सायकल आडवी पडली होती. सेन्सर बंपरच्या उंचीवर, सायकल त्याच्या खाली. ती उचलायला शेजारचा साडेतीन वर्षांचा मुलगा धावत आला. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

तेव्हापासून गाडीला एक फेरी मारल्याशिवाय मी आत बसत नाही. काच खाली, गाणी बंद.

दिवाळीत गुहागरकडे आमच्या गावच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि समोरून टेम्पो. मीच मागे जायचं ठरवलं. माझा मुलगा उतरून मागे उभा राहिला. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "मला आरशात दिसशील असाच उभा राहा. दिसेनासा झालास की मी थांबणार." साठेक पावलांच्या अंतरात मी दोनदा थांबले. टेम्पोवाल्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.