कोळशापाशी अडलेली लढाई

परवा दुपारी, डोळा लागायच्या बेतात असताना, फोनवर १९०८ सालचा एक फोटो समोर आला. योकोहामाचं बंदर आणि त्यात अमेरिकेच्या युद्धनौका, पांढऱ्याफेक. युद्धनौका आणि पांढऱ्या! झालं, झोप उडाली. १९४१ साली जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला; त्याच्या ३३ वर्षं आधीच या दोन देशांची जुंपली असती तर?

जर-तर आमच्या घरातच आहे. आजोबा जेवणानंतर सतरंजीवर सुपारीच्या खांडांचं पानिपत मांडायचे. विश्वासरावांसाठी मात्र अख्खी सुपारी. गोळी लागायच्या आत ती हळूच मागे सरकायची. मग १७६१ आम्ही जिंकायचो आणि आजी आतून म्हणायची, ‘आत्याबाईला मिशा असत्या तर...’

जुंपायला निमित्तही होतं बरं का. ऑक्टोबर १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने फर्मान काढलं, की जपानी मुलांनी गोऱ्या मुलांशेजारी बसायचं नाही, चिनी वस्तीतल्या वेगळ्या शाळेत जायचं. अशी मुलं होती तरी किती? अख्ख्या शहरात ९३! त्याच एप्रिलमध्ये भूकंपाने ते शहर भुईसपाट झालं, तेव्हा परदेशांतून सर्वांत जास्त पैसे आले होते ते जपानचे. टोकियोतली माणसं चिडणारच. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांना युद्धाचा कंठ फुटला. शेवटी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मंडळाची समजूत काढली, जपानने मजूर पाठवणं आवरतं घेतलं, आणि वर थोडा दरारा असावा म्हणून १६ युद्धनौका जगाच्या फेरीवर निघाल्या.

आता माझी लढाई पेटायला हवी. पेटत नाही. लोक जर-तरमध्ये सेनापती बदलतात, मी कोळशापाशी अडतो. त्या नौकांना कोळसा पुरवणारी जहाजं बहुतेक ब्रिटिश, आणि ब्रिटन १९०२ पासून जपानचा दोस्त. पनामा कालवा अजून खणताहेत, म्हणजे सगळ्या दक्षिण अमेरिकेला वळसा. रशियाचं आरमार १९०५ साली असंच अर्धं जग पालथं घालून जपानजवळच्या त्सुशिमाला आलं आणि जपानी आरमाराच्या टोगोने ते बुडवलं. टोगोची सुपारी सरकवेन एक वेळ, पण कोळसा कुठून आणू? माझं आरमार दर वेळी भर समुद्रात खोळंबतं.

खरं आरमार योकोहामाला पोचलं, तर स्वागताला शाळकरी मुलं. हातात झेंडे, तोंडी अमेरिकेची देशभक्तीची गाणी, तीही इंग्रजीत. पाठ करून घेणाऱ्या मास्तरांनी किती घसा कोरडा केला असेल! नौकांवर हॅल्सी आणि स्प्रुअन्स हे विशीतले अमेरिकी अधिकारी होते; पुढे जपानी आरमाराशी झुंजले ते हेच दोघं. आणि गाणारी मुलं तेव्हा आठ-दहा वर्षांची धरली, तर १९४१ साली ती चाळिशीत. त्यांची पोरं नेमकी भरतीच्या वयाची.