घेवड्याचं पाणी

घेवड्याची आमटी फसली की पहिला आळ येतो मसाल्यावर. मसाला जुना असेल, खोबरं नीट भाजलं नसेल, लसूण कमी पडला असेल. पातेल्यात सगळ्यांत जास्त असतं ते पाणी, त्याची चौकशी कुणी करत नाही. आणि घेवडा तर भिजल्यापासून ताटात पडेपर्यंत चार वेगवेगळी पाणी पाहतो.

साताऱ्याकडे घेवडा म्हणजे वाघ्या घेवडा. फिकट अंगावर लालसर पट्टे. शिजला की हे पट्टे कुठं जातात कळत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राजम्याचाच भाऊबंद. खरिपाचं पीक असल्यानं दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवा माल दुकानात दिसतो, आणि तेव्हाच वर्षाचा भरून ठेवायची घाई होते. ती करू नये. उन्हाळ्याची उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा सोसलेला घेवडा आतून कडक होतो, मग कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलं तरी गणंग राहायचे ते राहतातच. घेताना मूठभर तळहातावर पसरून बघावा. नवा फिकट आणि तुकतुकीत असतो, जुना तपकिरी पडतो. दोन्ही मिसळलेले असतील तर सोडून द्यावा. अर्धा पिठूळ होईल, अर्धा दाताखाली कचकचेल.

चौघांना एक वाटी पुरतो. पहिलं पाणी भिजवायचं: तीन वाट्या, आठ तास. थंडीत बारा तास राहिला तरी बिघडत नाही, पण मे महिन्यात तेवढा ठेवला की वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. रात्री भिजत घालायचा राहिला तर सकाळी दोन-तीन मिनिटं उकळून, झाकण ठेवून तासभर सोडावा. काही झालं तरी हे पाणी ओतून द्यायचं. पोट फुगवणाऱ्या साखरा त्यात थोड्याफार उतरलेल्या असतात. कच्च्या राजम्याच्या जातीत एक बाधणारं प्रथिनही असतं. ते नुसतं भिजवून जात नाही, नीट उकळावं लागतं. म्हणून पातेल्यात शिजवायचा असेल तर पहिली दहा मिनिटं खळखळून उकळी हवीच, आच मंद करायची ती त्यानंतर. कुकरमध्ये हा प्रश्न येत नाही.

दुसरं पाणी शिजवायचं, आणि बहुतेक घोटाळे इथलेच. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला चुना घेवड्याच्या सालीला धरून ठेवतो आणि दाणा मऊ पडत नाही. अशा घरात शिजवण्यापुरतं क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचं पाणी घ्यावं. तेही नसेल तर चिमूटभर सोडा, पण चिमूटच. जास्त झाला की सालं सुटतात आणि आमटीला साबणासारखी चव येते. मीठ आधी घातलं की घेवडा शिजत नाही असं सगळेच सांगतात. मिठाचा त्यात फारसा हात नाही, खरा गुन्हेगार आंबट. चिंच, टोमॅटो, आमसूल, जे काय घालायचं ते घेवडा बोटानं चेपल्यावर पूर्ण दबल्याशिवाय घालायचं नाही. कुकरमध्ये दाण्यांच्या वर दोन बोटं पाणी ठेवावं, एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ काढली की आतला दाणा फुटतो आणि साल तरंगत राहते. हे पाणी मात्र ओतायचं नाही, आमटीचा सगळा अर्क त्यातच आहे.

वाटणाला एक मध्यम कांदा, पाव वाटी सुकं खोबरं, सात-आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, देठांसकट कोथिंबीर. कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजायचं, कारण कांदा लाल होईपर्यंत खोबरं जळून कडू होतं. वाटताना पाणी अगदी थोडं, नाहीतर परतताना तेल सुटायचं नाव नाही.

तीन पळ्या शेंगतेल, मोहरी, जिरं, हिंग, पाव चमचा हळद. वाटण परतून कडेनं तेल दिसलं की आच अगदी कमी करून दोन चमचे कांदा-लसूण मसाला. घरोघरी उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणतात तोच. तिखट तेलात क्षणात करपतं, म्हणून लगेच पळीभर पाणी, हे तिसरं. इतकं साधं, पण तवंगाचा लाल रंग आणि काळपट रंग यातला फरक या एका पळीचा. मसाल्यात मीठ असतंच, त्यामुळे वरून घालताना हात आवरावा.

मग शिजलेला घेवडा त्याच्या पाण्यासकट. पळीभर दाणे पळीच्या पाठीनं घोटून घेतले की आमटी आणि दाणे वेगवेगळे राहत नाहीत. काहीजण शेंगदाण्याचं कूट घालतात. एक चमचा ठीक, त्याहून जास्त घातलं तर घेवडा चवीला उरत नाही. चौथं पाणी आता, आणि ते कडकडीत. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि तवंग पुन्हा वर यायला वेळ लागतो. दीड-दोन वाट्या घालून दहा मिनिटं उकळावं, शेवटी लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढा चिंचेचा कोळ.

भाकरीसाठी आमटी दिसायला पातळच हवी. ज्वारीची भाकरी कुस्करली की ती दोन मिनिटांत निम्मा रस पिऊन टाकते, बाजरीची त्याहून थोडा कमी. भातासाठी करायची असेल तर चौथ्या पाण्यातलं अर्धी वाटी कमी करावं. उरलेली आमटी सकाळपर्यंत घट्ट होतेच. तेव्हा गरम पाणी घालून एक उकळी द्यावी आणि मीठ पुन्हा चाखावं. चपाती असेल तर त्या पाण्याचीही गरज नाही.