सात किलोमीटर कुणाचे?

"गान्ना मर्क्सच्या सात किलोमीटर पुढे गेला, विषय संपला." आज चहाच्या टपरीवर एकाने असा निकाल लावून टाकला. आकडे बरोबर आहेत. सायकलवर एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमाची ही गोष्ट. एडी मर्क्स, १९७२: ४९.४३१ किमी. फिलिपो गान्ना, २०२२: ५६.७९२.

पण मध्ये ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमन येतो ना! १९९६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर, हात पुढे ताणलेल्या 'सुपरमॅन' पोझिशनमध्ये त्याने ५६.३७५ किमी काढले. २००० मध्ये त्याच ट्रॅकवर मर्क्सच्या काळासारखी सायकल घेतली: गोल नळ्यांची फ्रेम, तारांची चाकं, खाली वळलेलं हँडल. अंतर भरलं ४९.४४१. म्हणजे मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त!

माणूस तोच, फरक जवळजवळ सात किलोमीटरचा. चार वर्षांनी वाढलेलं वय आहेच, पण खरी मेख हवेत. या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि वेग १ टक्का वाढवायला सुमारे ३ टक्के जादा ताकद लागते. त्यामुळे चाकांपेक्षाही खांदे आणि हात कुठे आहेत, यावर जास्त ठरतं.

आता मर्क्सने मेक्सिको सिटीत, २,२०० मीटरहून उंचावर सायकल मारली. तिथली विरळ हवा कापायला सोपी, पण फुप्फुसांना अपुरी. हा हिशोब कसा मांडायचा?